निरोगी रुग्णनिवास

कर्करोग रुग्णालयासमोरच्या शासकीय रुग्णनिवासात पाच वर्षांत एकही रुग्ण दगावला नाही. खोल्या कायम भरलेल्या, आणि मृत्युदर शून्य. कारण शोधण्यासाठी शासनाने एक शास्त्रज्ञ नेमला. त्याने पाणी तपासले, हवा तपासली, भिंतींचा रंगसुद्धा खरवडून पाहिला. हाती काही लागेना.

तो व्यवस्थापकापाशी बसलेला असताना एक सून सासऱ्यांना धरून आत आली.

“बाबांना उलट्या होतात का हो?” व्यवस्थापकाने विचारले.

“केमो चालू आहे, होणारच की! उद्या परत बोलावलंय. गाव लांब आहे, भाऊ.”

“मग खोली नाही मिळायची, ताई. इथं कुणाचं काही बरंवाईट झालं, तर वर जाब मला द्यावा लागतो.”

“मग या खोल्यांत राहतं तरी कोण?”

“बरे होऊन वर्षाच्या तपासणीला येतात ते. अगदी ठणठणीत माणसं!”

“ठणठणीत माणसांना खोली, आणि मामंजींनी झोपायचं कुठं?”

व्यवस्थापकाने खिडकीतून समोरचा बसथांबा दाखवला. “बाकं रुंद आहेत.”

सून सासऱ्यांना सावरत पायऱ्या उतरली. शास्त्रज्ञाने निष्कर्ष लिहिला: या रुग्णनिवासात कोणी मरत नाही, कारण येथे आजारी माणसाला प्रवेश नाही.