तिसरा पर्याय

व्यावसायिक शाळेचा तो वर्ग इंग्रजीची प्रश्नपत्रिका न वाचताच ओळीने तिसरा पर्याय रंगवी आणि बाकावर डोकं टेकून झोपी जाई.

"यंदाही निकाल घसरला, तर तुमचा करार संपला," मुख्याध्यापकांनी इंग्रजीच्या बांगसरांना बजावलं.

त्या कळपाविषयी सरांच्या मनात तिरस्काराखेरीज काही उरलंच नव्हतं. पेपर काढताना त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. झोपाळूंना पैकीच्या पैकी गुण मिळाले. नापास झाली ती एकटी मेंग हाजिन.

"सगळी गाढवं सुटली, तूच कशी गं अडकलीस?" सर खेकसले.

"अभ्यास केला होता, सर. मलाही सगळीकडे तीनच येत होतं. म्हटलं, सर असा पेपर कसा काढतील? माझंच चुकत असणार. मग बदलली उत्तरं."