रविवारचा अंदाज

पिट्सबर्गच्या टीव्हीवर डेल दर गुरुवारी येत्या रविवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे अंदाज सांगे. आज शेवटी उरला तो त्याच्याच मुलाच्या, ट्रॉयच्या संघाचा सामना. जो हरेल, त्याचा हंगाम तिथेच संपणार होता.

“आज तरी पोराची बाजू घे रे, डेल!” निवेदकानं डिवचलं.

डेलनं मान हलवली. “हरतील. सपाटून हरतील.”

घरात पाऊल टाकताच बायको कडाडली, “सगळं गाव हसतंय! सख्ख्या बापाचा पोरावर भरवसा नाही. खोटं खोटं तरी जिंकतील म्हणायचंस!”

“त्याचा हंगाम एकदाचा संपू दे, एवढंच मागतोय मी, मार्लीन.”

“का?”



“गेल्या रविवारी त्याच्या हेल्मेटवर धडक बसली ना, त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘डॅड, आईचं नाव काय?’”