तिसऱ्या बाकाची पाळी

कडूबाईंनी खिचडीचं पातेलं व्हरांड्यात आणून टेकवलं आणि आज वाढायची पाळी कुणाची म्हणून विचारलं. तिसऱ्या बाकाची, असं सगळ्या चौथीनं एका सुरात सांगितलं. तिसऱ्या बाकावर मेघा आणि सदफ बसायच्या. मेघा बाह्या सारत उठली. सुलेखा मॅडमनी सवयीनं आकाशला खूण केली, तसा तोही उठला. सदफच्या पाळीला आकाश, हे जूनपासून ठरूनच गेलं होतं.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला भिंतीशी टेकून बसलेली सदफ बोलली.

"मॅडम, आज मला खरवड पाठवू नका."

खरवड नको म्हणणारं लेकरू मॅडमनी आजवर पाहिलं नव्हतं. चिकलठाण्याच्या त्या शाळेत रिवाज असा, की वाढणाऱ्या दोघांनी सगळ्यांत शेवटी मॅडमच्या शेजारी बसून जेवायचं, आणि पातेल्याच्या बुडाची लालसर, कुरकुरीत खरवड त्या दोघांनीच खायची. रिवाज मॅडमनीच पाडलेला. त्या खरवडीपायी ताप अंगावर काढून शाळेत येणारी पोरं होती. सदफला वाढता येत नाही, म्हणून मॅडम रोज न चुकता तिच्या ताटात थोडी खरवड पाठवायच्या. पोरीला कशाची उणीव पडू देत नाही आपण, असं मनातल्या मनात त्यांना बरंही वाटायचं.

मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. पोट दुखतंय का, कुणी काही बोललं का, सगळं विचारून झालं. सदफ मान हलवत राहिली.

"ती वाढणाऱ्यांची असती," ती म्हणाली. "मी कुठं वाढलं?"

मॅडमनी समजूत काढली. चालताना तुझे दोन्ही हात वॉकरला गुंतलेले, मग बादली कशी धरणार? त्यात खिचडी गरम. शाळेत नाव घातलं त्या दिवशी तुझे अब्बा म्हणाले होते, लेकराला जपा, आणि मी त्यांना शब्द दिलाय. सदफनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मोठ्या माणसांचं ऐकून घ्यायची तिला सवय होती.

"बसल्यावर माझे हात मोकळेच असतेत की," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या मांडीवरच्या दोन्ही हातांकडं पाहिलं. या पोरीसाठी त्यांनी मागं लागून दाराशी उतार करून घेतला होता, बाक पुढं आणला होता, संडासात धरायला दांडी बसवली होती. लक्ष सगळं पायांकडं. हातांकडं बघायचं राहूनच गेलं होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

आकाशला त्यांनी खाली बसवलं आणि पातेलं सदफच्या पुढ्यात ठेवायला सांगितलं. कडूबाईंना ते पटेना.

"म्याडम, पंगत उठून वाढप्याकडं जाती व्हय कुठं?"

"आज जाईल," मॅडम म्हणाल्या.

मेघानं फडक्यानं पातेल्याचा काठ धरला. सदफनं डाव उचलला. पहिल्या डावातली निम्मी खिचडी सतरंजीवर पडली. मॅडमचा हात आपोआप पुढं गेला. त्यांनी तो मागं घेतला आणि पाठीशी धरून ठेवला. हे त्यांना फार जड गेलं. दुसऱ्या डावाला कमी सांडलं. पुढं सदफचा हात बसला आणि मग तर ती वाढपीण म्हणून भलतीच कडक निघाली. आकाशनं अजून मागितली, तर आधी आहे ती संपव, म्हणाली. वर्ग हसला. आकाशही हसला, पण जरा उशिरानं.

रांग सरत आली असताना पातेल्याचा काठ तिच्या मनगटाला लागला. सदफनं ओठ घट्ट मिटले आणि आधी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी धावत जाऊन पाणी आणलं, मनगटावर ओतत राहिल्या. लाल रेघ उमटलीच. सदफनं हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा डाव घेतला. मॅडमना मात्र तिच्या अब्बांना दिलेला शब्द आठवला. दाऊदभाईंना तोंड कसं दाखवायचं?

शनिवारची सकाळची शाळा, खिचडी झाली की सुटी. दाऊदभाईंची रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा सगळा वर्ग दप्तरं आवरत होता आणि भिंतीशी तिघीच जेवत होत्या, मेघा, मॅडम आणि सदफ. इंजिन चालूच ठेवून दाऊदभाई नेहमीसारखे लगबगीनं लेकीला उचलायला आले आणि मनगट बघून जागीच थांबले. मॅडम खरकट्या हातानंच उठल्या.

"ये क्या हुआ, बेटा?"

घरी दखनी बोलणारी सदफ शाळेत बापाशीही मराठीतच बोलायची.

"भाजलं थोडं. मेघालापण भाजतं, तिच्या पाळीला." तिनं खरवडीचा तुकडा कुरकुर चावला. "अब्बा, तुम्ही बसा जरा. वाढणारे शेवटी उठतेत."

दाऊदभाईंनी मॅडमकडं पाहिलं, मग लेकीकडं. ते माघारी गेले, रिक्षा बंद केली आणि येऊन पायरीवर बसले.