ओटीवरचा हस्तक्षेप

"पोरीला सोडेपर्यंत आम्ही इथून उठणार नाय," मासूमा म्हणाली आणि बाबाजींच्या ओटीवर मांडी घालून बसली. तिच्यामागून कमलाबाई आणि वाडीतल्या आणखी चौघी बसल्या. कमलाबाईंनी पानाची चंची सोडली. लवकर उठायचा विचार दिसत नव्हता.

बाबाजींनी चष्मा पुसला. "हा बाहेरचा हस्तक्षेप आहे."

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी होती. विषय होता, दुसऱ्या देशात माणसांवर जुलूम होत असेल तर जगाने आत शिरावं का? बाबाजींची नात नम्रता 'शिरू नये' म्हणणार होती, मासूमाची लेक अलिझा 'शिरावं'. दोघी एकाच कॉलेजची जोडी, नियमाप्रमाणे एक बाजूने, एक विरोधात. एक आली नाही तर दुसरीही बाद. आणि आज सकाळी नम्रताने अलिझाला मोबाइलवर कळवलं होतं, 'आजोबांमुळे येता येत नाही.' मासूमाने ते वाचलं आणि फौज जमवली.

पंधरा दिवस पोरी मोठमोठ्याने भाषणं घोकत होत्या. घरातल्या मोठ्यांनाही ती पाठ झाली होती.

"प्रत्येक राष्ट्र सार्वभौम असतं," बाबाजी म्हणाले. "माझा उंबरठा ही माझी सीमा."

"आत माणूस रडतोय, तर सीमा कसली?" मासूमा म्हणाली. हा अलिझाचा दुसरा मुद्दा.

"मदतीला म्हणून शिरतात आणि मग निघत नाहीत. इतिहास बघा."

"आम्ही पण निघत नाय," कमलाबाई म्हणाल्या. "चाय सांगा."

बाबाजींनी आत चहा सांगितला आणि उभे राहिले. आवाज चढला होता. "सुरक्षा परिषदेचा ठराव आहे तुमच्याकडे?"

"महिला मंडळाचा आहे!"

सगळ्या हसल्या. मासूमाने अलिझाचा शेवटचा मुद्दा काढला. "आत शिरायच्या आधी आतल्या माणसाला विचारावं, की..." आणि ती थांबली. नम्रताला कोणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात नम्रता चहा घेऊन बाहेर आली.

"तुला कोंडून ठेवलंय ना गो?" मासूमाने विचारलं.

"मला?" नम्रताने ट्रे खाली ठेवला. "आजोबा सकाळपासून चार वेळा म्हणाले, जा. मीच नाय जात. आजी गेल्यापासून ते एकटे असले की जेवत नाहीत. परवा मी कॉलेजातून आले, तर ताट झाकलेलं तसंच."

बाबाजी खाली बसले.

"उद्या काका आमच्याकडे जेवतील," मासूमा म्हणाली. "बांगड्याचं सार करते. तू सातची एसटी पकड."

"आणि मी येऊन बघेन, जेवले का ते," कमलाबाई म्हणाल्या.

नम्रताने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती भाषणाचे कागद शोधायला आत पळाली.

मासूमाने कप उचलला. "पण काका, तुम्हीच तिला जा म्हणत होतात, तर आम्ही आलो तेव्हाच सांगायचंत. अर्धा तास भांडलात कशाला?"

बाबाजींनी चहाचा घोट घेतला.

"सांगितलं असतं, तर तुम्ही तेव्हाच उठला असतात."