शेवटचा नमस्कार

जवळ सरका, एका बापाची गोष्ट सांगतो. कीर्तनकार नारोबुवांचा मुकुंदा तलाठी होता. लाच घेऊन तो घरी आला आणि मागोमाग लाचलुचपतवाले आले. त्याने नोटा पेटत्या बंबात टाकल्या, हात साबणाने चोळले. सापळ्यासाठी नोटांना लावलेली पावडर हाताला असती, तर हात धुताच त्यांच्या साहेबांच्या बाटलीतलं पाणी गुलाबी झालं असतं. झालं नाही.

"बुवा, उगाच त्रास दिला," साहेब उठले.

"थांबा. हात धुण्याआधी तो माझ्या पाया पडलाय. पाय तपासा."

"आबा, काय बोलताय!" मुकुंदा ओरडला.

पाणी गुलाबी झालं. खटल्यात साक्षही बुवांनीच दिली. मुकुंदा तुरुंगात गेला.

आता कीर्तन संपलं, की बुवा पाय पोटाशी घेऊन बसतात. "लांबूनच नमस्कार करा रे," म्हणतात, "पायांवर मुकुंदाचा हात आहे. तो पुसू नका."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बापाची आठवण असू द्या.