कोरडा नळ

कारकुनाने दहाही बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि पाणी होतं तसंच राहिलं.

लाचलुचपतवाल्या साहेबांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. "याचे हात स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

कारकून गालात हसला. "दवाखान्याच्या नळाला सकाळपासून थेंब नाही, साहेब. तुम्ही पाणी बरोबर आणलंत म्हणून तरी हात ओले झाले."

मास्तर दाराशी उभे राहून हे बघत होते. सरकारी दवाखान्यात खाट हवी तर खिडकीत पाकीट द्यायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तक्रार करायची म्हटलं की मात्र सगळ्यांची दातखीळ बसायची. शेजारच्या शिंप्याची आई खाटेविना व्हरांड्यात फरशीवर पडून राहिली, तेव्हा मास्तर हात धुऊन त्याच्या मागे लागले. "तू तक्रार दे, मी आहे पाठीशी," असं म्हणून त्यांनीच हा सापळा लावायला लावला.

साहेबांनी सकाळी नोटांना पूड लावताना बजावलं होतं, "डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण ज्याने या नोटा हाताळल्या, त्याने हात सोड्यात घालू दे नाहीतर घरच्या साबणाने धुऊ दे, गुलाबी रंग येणारच. मास्तर, तुम्ही बोटही लावू नका." मास्तरांनी लावलं नाही. घरी लेकीलाही सांगितलं नाही. ती त्याच दवाखान्यात नर्स होती, उगाच तिच्यावर बालंट नको.

"पाकीट कुठे ठेवलंस?" साहेबांनी शिंप्याला विचारलं.

"खिडकीच्या फळीवर. हा म्हणाला, ठेव तिथे. मी ठेवलं आणि तुम्हाला खूण करायला बाहेर आलो."

फळी रिकामी होती. तिच्या आतल्या बाजूने सगळा दवाखाना ये-जा करायचा. खिसे झाले, कपाटं झाली, पाकीट काही सापडलं नाही. साहेब मास्तरांची नजर टाळत सामान आवरू लागले. शिंपी आईच्या उशाशी जाऊन बसला. आता तिला खाट मिळायची नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

घरी आल्यावर मास्तर बायकोच्या फोटोसमोर बसले. तीही त्याच व्हरांड्यात गेली होती. तेव्हा लेकीने हात जोडले होते, "बाबा, एकदाच देऊन टाका ना." पण मास्तर अडून बसले. तत्त्व राहिलं, बायको राहिली नाही. त्यानंतर लेकीने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. आज तरी त्या मरणाचं काही चीज होईल, असं मास्तरांना वाटलं होतं. म्हातारा माणूस एकटाच बसून रडला.

संध्याकाळी लेक आली. "आमच्याकडे आज धाड पडली, बाबा. तक्रार कुणी केली कोण जाणे."

"मीच करायला लावली."

चपला काढता काढता ती थांबली. "मला बोलला नाहीत."

"तुला त्रास नको म्हणून."

"आईसाठी केलंत?"

"हो. पण चोर निसटला, पोरी."

तिने आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुसा डोळे. हात धुते आणि जेवायला वाढते. दिवसभर हातांना पाणी लागलेलं नाही."

लेक दमून आली की तिची आई टॉवेल घेऊन बेसिनपाशी उभी राहायची. आज मास्तर उठले आणि तसेच जाऊन उभे राहिले. लेक डोळे मिटून हात चोळत होती. साबणाचा फेस गुलाबी झाला होता.