उस्तादांचा कान

बाबांची जुनी फियाट सुरू होऊ नये, म्हणून मी मेकॅनिक जब्बारभाईंना पैसे देत होतो. ते दर वेळी गुपचूप इंजिनाचं टायमिंग हलवून ठेवायचे आणि बाबांना सांगायचे, "उस्ताद, इंजिन उतरवावं लागेल. पन्नास हजार तरी जातील." बाबा म्हणायचे, "मग राहू दे."

आज संध्याकाळी कोथरूडला घरी पोचलो, तर गाडीचं बॉनेट उघडं होतं. आत बसून माझी सात वर्षांची शालू किल्ली फिरवत होती आणि बाबा वाकून स्टार्टरचा आवाज ऐकत होते. त्यांनी बोटांनी चाचपत डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून टायमिंग जुळवलं. इंजिन एका दमात सुरू झालं.

"जब्बारला हे काम मीच शिकवलंय," बॉनेट लावत ते म्हणाले. "तो एवढा चुकायचा नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय. सरक शालू, चक्कर मारून येऊ."

मी गेटमध्ये, गाडीच्या अगदी समोर उभा होतो. बाबांनी गिअर टाकला, थेट माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शालू, गेट उघडं आहे ना गं?"